कोलोस्टोमी झालेल्या मधुमेही रुग्णाचे पथ्यापथ्य

गुदाशयाचा कर्करोग, आंत्रावरोध, आतड्यास झालेली इजा अशा कारणांनी मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढून तेथे पिशवी लावावी लागते. यालाच कोलोस्टोमी म्हणतात. असा रुग्ण पूर्वीपासून मधुमेही असल्यास त्याच्या हाती बहुधा दोन परस्परविरोधी सूचना पडतात. मधुमेहासाठी पालेभाज्या, कडधान्ये आणि कोंडा वाढवावा, असे एक जण सांगतो. मऊ भात, पेज असे कमी चोथ्याचे अन्न घ्यावे, असे दुसरा सांगतो. या ओढाताणीत रुग्ण तिसराच मार्ग पत्करतो. पिशवी भरू नये म्हणून तो जेवण टाळतो. गोळी मात्र वेळेवर घेतो.

खरा धोका येथे आहे. ग्लिमेपिराइडसारखे औषध किंवा इन्सुलिन चालू असता उपाशी राहिल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. शिवाय उपवासाने वायू थांबत नाही. म्हणून अशा रुग्णास प्रथम सांगावयाचे ते हेच की, थोडे खावे, पण वेळ चुकवू नये.

प्रथम काय विचारावे?

छिद्र आतड्याच्या कोणत्या भागाचे आहे, हे शस्त्रकर्माच्या कागदपत्रांवरून पाहावे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे असल्यास मल जवळजवळ बांधलेला येतो. आडव्या भागाचे असल्यास तो पातळसर असतो. छिद्र लहान आतड्याचे असेल तर पाणी व क्षार फार जातात. त्या रुग्णाचे पथ्य निराळे, ते येथील नियमांनी ठरवू नये. शस्त्रकर्मास किती दिवस झाले, कोणती औषधे चालू आहेत आणि वृक्कविकार आहे काय, हेही विचारावे.

आहाराचा क्रम

पहिले ६ ते ८ आठवडे अन्न मऊ व कमी चोथ्याचे असावे. परंतु नुसती पेज किंवा नुसता भात साखर लवकर वाढवतो. म्हणून मोजक्या भातासोबत मुगाच्या डाळीचे घट्ट वरण, ताजे ताक, पनीर किंवा चालत असल्यास अंडे द्यावे. दुधी, दोडका, पडवळ साल काढून शिजवावे. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा दिवसातून ५ ते ६ वेळा थोडे थोडे घेणे बरे. जेवणानंतर २ तासांनी साखर तपासली म्हणजे प्रमाण ठरविता येते.

पुढे एका वेळी एकच नवा पदार्थ २-३ दिवस देऊन पाहावा. अर्ध्या ज्वारीच्या भाकरीपासून आरंभ करावा. जव हे प्रमेहातील श्रेष्ठ धान्य खरे. पण त्यात चोथा अधिक, म्हणून तेही या टप्प्यावरच. वाल, राजमा, हरभरा, कोबी, मुळा यांनी वायू वाढतो. कांदा, लसूण, मासळी यांनी दुर्गंधी. हे कायमचे वर्ज्य नव्हे, रुग्णाच्या अनुभवाने ठरवावे. शेंगदाणे, मका, खोबरे बारीक चावून खावे. वृक्क वा हृदयविकार नसल्यास दिवसाला सुमारे २ लिटर पाणी हवे.

औषधयोजनेतील सावधगिरी

चरकांनी प्रमेही रुग्णांत स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असा भेद करून दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. शस्त्रकर्मानंतरचा रुग्ण बहुधा दुसऱ्या गटातला असतो. त्यास लंघन अथवा विरेचन देणे शास्त्रासही धरून नाही. छिद्रातून बस्ती देण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये.

आसवारिष्टांत गूळ व स्वयंजनित मद्यांश असतो, अवलेहांत साखर असते. मेथीचूर्ण किंवा अन्य प्रमेहघ्न औषध चालू गोळ्यांत भर घालून साखर अधिक उतरवू शकते. तेव्हा मूळ चिकित्सकास कळवूनच द्यावे.

औषधविक्रेत्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इसबगोलाच्या काही तयार चूर्णांत साखर असते. ते पुरेशा पाण्याविना घेतल्यास अवरोध होऊ शकतो. मेटफॉर्मिनने मल पातळ होतो, व्होग्लिबोज व अकार्बोजने पोटात वायू धरतो. त्याचा दोष रुग्ण जेवणाला देतो. या शेवटच्या दोन औषधांवरील रुग्णाची साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्यास साखर किंवा गूळ त्वरित उपयोगी पडत नाही. त्यास १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे. जुलाब होऊन पाणी कमी पडल्यास मधुमेह आहे म्हणून ओआरएस नाकारू नये; डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध चालू असल्यास ते थांबवावे काय, हे चिकित्सकास त्याच दिवशी विचारावे.

छिद्रातून मल व वायू दोन्ही बंद होऊन कळा, उलट्या सुरू झाल्या, किंवा छिद्राचा तांबडा रंग काळपट झाला, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

असा रुग्ण पुन्हा येईल तेव्हा पिशवीची चौकशी करण्याआधी एवढेच विचारावे: आज सकाळी जेवलात का?