मोजायचं की मापायचं? इंग्रजीतल्या 'मच' आणि 'मेनी'चा सोपा हिशेब

गेल्या वर्षी माझ्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन चेन्नईत झालं. मी नोकरीनिमित्त इथे राहते, त्यामुळे दवाखान्यात तिच्याजवळ मीच होते. आजीला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि माझं तमिळ भाजी घेण्यापुरतं. म्हणजे डॉक्टरांशी सगळं बोलणं इंग्रजीत आणि माझ्यामार्फत. मी बीए इंग्रजी, त्यामुळे घरचे निश्चिंत होते!

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा मेसेज आला, पेशंट कशी आहे? आजी उशीला टेकून बसली होती. रात्रीपेक्षा चेहरा बरा दिसत होता, अर्धी इडलीही पोटात गेली होती. मी घाईघाईत टाइप केलं, 'देअर इज लिटल इम्प्रूव्हमेंट. शी एट लिटल.' मनातलं वाक्य होतं, 'थोडी सुधारणा आहे, थोडं खाल्लं.'

दहा मिनिटांत डॉक्टर आणि सिस्टर दोघंही खोलीत हजर. ताप पाहिला, बीपी पाहिलं, टाके पाहिले. आजीचा चेहरा पडला. तिला वाटलं, आपल्यापासून काहीतरी लपवतायत. सगळं ठीक आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "तुम्ही लिहिलंय, सुधारणा जवळजवळ नाहीच आणि खाणंही नसल्यासारखं."

माझ्या वाक्यातून एक 'अ' गळला होता. तेवढ्यानं सगळा अर्थ उलटला.

एका 'अ'ची किंमत

इंग्रजीत 'अ लिटल' म्हणजे थोडं, पण आहे. नुसतं 'लिटल' म्हणजे नसल्यातच जमा. 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचंही तसंच.

'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स इन चेन्नई' म्हणजे चेन्नईत माझे काही मित्र आहेत. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स इन चेन्नई' म्हणजे मित्र फारसे नाहीतच. पहिल्या वाक्यात समाधान आहे, दुसऱ्यात तक्रार.

हे अवघड वाटत असेल, तर आपल्या 'च'कडे बघा. 'थोडे पैसे आहेत' आणि 'थोडेच पैसे आहेत' यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आपण 'च' जोडला की आशा कमी होते, इंग्रजीत 'अ' काढला की कमी होते. 'थोडेच' म्हणायचं असेल तेव्हा 'अ' काढा, नाहीतर राहू द्या.

एक फसवा शब्दप्रयोगही लक्षात ठेवा. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे 'अगदी थोडे' नव्हे, तर 'बरेच'!

आजीनं सांगितलेला नियम

संध्याकाळी आजीनं विचारलं, "सकाळी नेमकं झालं काय?" मी तिला समजावायला बसले. इंग्रजीत काही नामं मोजता येतात, काही येत नाहीत, आणि त्याप्रमाणे 'थोडं', 'खूप', 'किती' यांचे शब्द बदलतात. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे कुठं मोजायचं आणि कुठं मापायचं, एवढंच ना?"

शेर, मापटं आणि पायली वापरत संसार केलेल्या बाईनं व्याकरणाचा अख्खा धडा एका वाक्यात संपवला. नारळ मोजायचे, तेल मापायचं. माणसं मोजायची, दूध मापायचं. हा तिचा नियम इंग्रजीला लावून पाहा :

मोजायच्या वस्तूंसाठी : मेनी, अ फ्यू, फ्यू, सेव्हरल, फ्यूअर. उदाहरणार्थ, मेनी कोकोनट्स, अ फ्यू पीपल.

मापायच्या वस्तूंसाठी : मच, अ लिटल, लिटल, लेस. उदाहरणार्थ, मच ऑइल, अ लिटल मिल्क.

दोन्हीसाठी : सम, एनी, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ, इनफ, मोर. उदाहरणार्थ, अ लॉट ऑफ कोकोनट्स, अ लॉट ऑफ ऑइल.

अडलात तर 'अ लॉट ऑफ' वापरून मोकळे व्हा. ते आपल्या 'खूप'सारखं आहे, कुठेही चालतं.

मग आपण चुकतो कुठे?

मराठीत 'किती', 'खूप', 'थोडं' हे शब्द दोन्हीकडे चालतात. किती माणसं, किती पाणी. फार तर 'थोडं'चं 'थोडे' किंवा 'थोडी' होतं. इथे चेन्नईत तमिळमध्येही तेच. 'कोंजम' म्हणजे थोडं आणि 'निरैया' म्हणजे खूप, मग दूध असो की माणसं. त्यामुळे 'मच' आणि 'मेनी'त अडखळणारे आपण एकटे नाही.

खरी गोची वेगळीच आहे. काही वस्तू मराठीत अनेकवचनी आहेत, पण इंग्रजी त्यांना मापायच्या रांगेत बसवते.

पैसे : आपण 'किती पैसे झाले?' म्हणतो, म्हणून तोंडात 'हाउ मेनी मनी' येतं. बरोबर आहे 'हाउ मच मनी'. नोटा आणि नाणी मोजता येतात, 'मनी' नाही.

तांदूळ, गहू : तांदूळ निवडले, गहू दळून आणले, असं आपण म्हणतो. इंग्रजीत 'राइस' आणि 'व्हीट' एकवचनीच. 'हाउ मच राइस?' आजीच्या भाषेत सांगायचं तर, तांदूळ निवडताना दाणा दाणा दिसतो, पण शिजवायला घेताना मापटंच लागतं. इंग्रजीनं मापटं धरलं.

केस : मराठीत केस गळतात, इंग्रजीत 'हेअर' गळतो. डोक्यावरच्या सगळ्या केसांना मिळून 'हेअर' म्हणतात. 'हेअर्स' म्हणजे सुटे सुटे केस, वरणात सापडतात तसे.

सल्ले, बातम्या, कामं : 'अ‍ॅडव्हाइस', 'न्यूज' आणि 'वर्क' हे शब्द इंग्रजीत मोजत नाहीत. म्हणून 'मेनी अ‍ॅडव्हाइसेस' नाही, 'अ लॉट ऑफ अ‍ॅडव्हाइस'. 'न्यूज'च्या शेवटी 'स' असला तरी तो शब्द एकवचनीच आहे.

काही ठिकाणी मात्र आपलाच कान आपल्याला वाचवतो. मराठीत 'माहित्या' कुणी म्हणतं का? मग 'इन्फर्मेशन्स' कशाला? 'सामानं' म्हणत नाही, तसंच 'लगेजेस' नाही.

नग, तुकडा, पेला

न मोजता येणारी गोष्ट मोजायचीच असेल तर? आपण काय करतो? सामानाचे चार नग, गुळाचा खडा, दुधाचा पेला, चिमूटभर मीठ. इंग्रजीही हेच करते. फोर पीसेस ऑफ लगेज, अ ग्लास ऑफ मिल्क, अ पिंच ऑफ सॉल्ट. 'पीस ऑफ' हा त्यांचा 'नग' समजा. तो सल्ल्यालाही लागतो आणि बातमीलाही. अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस, अ पीस ऑफ न्यूज.

आणि हॉटेलात? चेन्नईत फिल्टर कॉफी डवरा-टंबलरमध्ये येते. कॉफी पातळ, म्हणजे मापायची. तरी ऑर्डर देताना 'टू कॉफीज' म्हटलेलं चालतं, कारण तिथे कॉफी म्हणजे कॉफीचा टंबलर. आपणही टपरीवर 'दोन चहा, एक कटिंग' सांगतोच ना?

'लेस' की 'फ्यूअर'?

नियम सोपा आहे. लेस वॉटर, फ्यूअर बॉटल्स. पण इथे इंग्रजांचीही त्रेधा उडते. 'फ्यूअर'चा आग्रह १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकानं आपली आवड म्हणून मांडला, आणि पुढे त्याचा नियम झाला. ब्रिटनमधल्या टेस्को सुपरमार्केटच्या काउंटरवर '१० आयटम्स ऑर लेस' लिहिलेलं असायचं. भाषाप्रेमी त्यावर नाराज होते. शेवटी २००८ मध्ये टेस्कोनं दोन्ही शब्द टाळून 'अप टु १० आयटम्स' असा सुटसुटीत मजकूर निवडला.

पैसे, वेळ आणि अंतर यांच्यासोबत मात्र 'लेस'च येतो. लेस दॅन फिफ्टी रुपीज, लेस दॅन टू अवर्स. आकडा असला तरी ती रक्कम किंवा तो वेळ एकगठ्ठा धरला जातो.

मराठीच मदतीला धावते

'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक तुम्ही रोज ऐकत असाल. तिच्यावर औषध आपल्या 'पैकी'त आहे. आपण 'मित्रापैकी एक' म्हणत नाही, 'मित्रांपैकी एक' म्हणतो. तसंच 'वन ऑफ माय फ्रेंड्स'. आपण 'प्रत्येक मुलगा' म्हणतो, 'प्रत्येक मुलगे' नाही. म्हणून 'एव्हरी बॉय', 'एव्हरी बॉईज' नाही.

तमिळ मुलखात राहून इंग्रजी शिकणारा मराठी माणूस ही काही आजची गोष्ट नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली इंग्रजी शिकले. गादीवर येण्यापूर्वी काही वर्षं ते मद्रासमध्येच, म्हणजे आजच्या चेन्नईत होते. १७९८ मध्ये ते राजे झाले. त्यांनी जमवलेली इंग्रजी आणि इतर युरोपीय भाषांतली पुस्तकं आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. त्यांनी इंग्रजी शिकण्यासाठी मराठी सोडली नाही. आपणही सोडायची गरज नाही, उलट तिचाच आधार घ्यावा.

आता तुमची पाळी

घरातल्या सगळ्यांना विचारून बघा.

१. हाउ ___ शुगर डू यू टेक? (मच की मेनी?)
२. देअर आर ___ मँगोज इन द बास्केट, टेक वन. (अ फ्यू की अ लिटल?)
३. वी हॅव ___ टाइम, रन! (लिटल की अ लिटल?)
४. शी गेव्ह मी ___ अ‍ॅडव्हाइस. (सम की मेनी?)

उत्तरं : १. मच. २. अ फ्यू. ३. लिटल, कारण वेळ उरलेलाच नाही. ४. सम.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर शेवटचं तपासायला आले. "हाउ इज पाट्टी टुडे?" पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. मी उत्तर द्यायच्या आत आजीनं माझा हात दाबला आणि मराठीत बजावलं, "तो 'अ' विसरू नकोस हं."

मी 'अ'वर अंमळ जास्तच जोर दिला. "अ लिटल पेन, डॉक्टर. बट अ लॉट ऑफ इम्प्रूव्हमेंट!"

डॉक्टर हसले. आजीला वाक्य कळलं नाही, पण 'अ' दोनदा ऐकू आला. तिचं समाधान झालं.