उत्तरायुष्यातील संगीत : उशिरा वळणाऱ्याने सर्जनशीलता कशी जपावी?

वाराणसी : काशीत गंगा उत्तरवाहिनी होते. शहरातील घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत. त्यामुळे दशाश्वमेध आणि शीतला घाटांच्या शेजारी असलेल्या अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर सूर्याचे पहिले किरण थेट समोरून येतात. हा घाट ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ मध्ये माळव्याच्या राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. पती, सासरे आणि पुत्र यांचे निधन त्याआधीच झाले होते. काशी विश्वनाथ मंदिराचे पुनर्निर्माण १७८० चे, म्हणजे त्यांच्या पंचावन्नाव्या वर्षाचे. आज ज्या कार्यासाठी त्यांचे स्मरण केले जाते ते जवळजवळ सारे चाळिशीनंतर घडले आहे.

याच शहरात १९१९ मध्ये तिसरी अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे प्रमुख सूत्रधार पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. त्यांचे वय त्या वेळी ५९ होते आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी मुंबईत वकिली केली होती. नोकरी किंवा व्यवसायाची वर्षे सरल्यावर, संसाराची जबाबदारी हलकी झाल्यावर अनेकांना राहून गेलेल्या गाण्याची आठवण होते. त्यांच्यासमोर दोन शंका असतात : एवढ्या उशिरा काही साधेल का आणि साधलेच तर ते केवळ इतरांची नक्कल तर ठरणार नाही ना? भातखंडे आणि त्यांच्यानंतर सुमारे अर्धशतकाने डॉ. वसंतराव देशपांडे, या दोन मराठी कलावंतांच्या आयुष्यात या शंकांची बरीचशी उत्तरे सापडतात.

वकिलाची चौकस दृष्टी

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेत ते सतार शिकले आणि ‘गायन उत्तेजक मंडळी’ या संस्थेच्या सहवासात त्यांनी धृपद आणि ख्याल यांची तालीम घेतली. १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळवून त्यांनी वकिली सुरू केली. संगीताची आवड कायम होती. मात्र चरितार्थाचे साधन कायदाच होता. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये मुलीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी स्वतःला हळूहळू संगीताला वाहून घेतले आणि पन्नाशीच्या सुमारास वकिली सोडली.

या टप्प्यावर मैफली गाजवणारा गायक होण्याची धडपड त्यांनी केली नाही. भिन्न घराण्यांचे गायक एकच राग वेगवेगळ्या प्रकारे गातात, ग्रंथांतील वर्णन प्रत्यक्ष गायनाशी जुळत नाही आणि बंदिशी उस्तादांबरोबर नाहीशा होतात, हे प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होते. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला. पुढील काही वर्षांत नागपूर, हैदराबाद, कोलकाता, अलाहाबाद, बनारस, लखनौ, दिल्ली, जयपूर अशी केंद्रे पालथी घातली. गायक, वादक आणि पंडितांना भेटून ते प्रश्न विचारीत, उत्तरे टिपून ठेवीत, एकाचे विधान दुसऱ्याच्या विधानाशी ताडून पाहत. न्यायालयात साक्षीपुरावा तपासण्याची सवय असलेल्या माणसाचीच ही पद्धत होती.

दक्षिणेतील ७२ मेळांच्या व्यवस्थेचा अभ्यास करून त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाटांची मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्य संवादाच्या रूपात लिहिला. त्याचा पहिला भाग १९१० मध्ये आणि शेवटचा १९३२ मध्ये, म्हणजे वयाच्या बहात्तराव्या वर्षी आला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी शेकडो पारंपरिक बंदिशी स्वरलिपीसह जतन केल्या. स्वतः ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली, म्हणजे रागाचे नियम ज्यांच्या शब्दांतच सांगितले आहेत अशा बंदिशी. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झाले तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. तीच संस्था पुढे त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाली.

हिशेबाची वही आणि मारवा

वसंतराव देशपांडे यांची कथा निराळी आहे. २ मे १९२० रोजी विदर्भात मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या वसंतरावांनी नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे तालीम घेतली. किशोरवयात ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. तरुणपणी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे ते मारवा राग शिकले. तयारी एवढी असूनही पोटासाठी त्यांनी पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी धरली आणि दोन दशकांहून अधिक काळ केली. मैफली, नभोवाणी, नाटके हे सारे कार्यालयाच्या वेळा सांभाळून चालले. १९६० च्या दशकाच्या मध्यावर, पंचेचाळिशीच्या आसपास, त्यांनी नोकरी सोडली.

१९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत लाभलेल्या या नाटकातील खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतराव घरोघरी पोहोचले. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८२ मध्ये मिळाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पूर्णवेळ गायक म्हणून त्यांच्या वाट्याला दोन दशकेही आली नाहीत.

वसंतरावांवर कोणत्याही एका घराण्याचा शिक्का बसला नाही. अनेक गुरूंकडून घेतलेले त्यांनी स्वतःच्या स्वभावाप्रमाणे एकत्र केले. काही परंपरानिष्ठांना ते खटकले, तर रसिकांना त्याच बेधडकपणाची ओढ वाटली. नोकरीच्या काळातही त्यांचे ऐकणे आणि गाणे थांबले नव्हते. म्हणून राजीनाम्यानंतर जे गाणे लोकांसमोर आले ते नव्याने शिकलेले नव्हते. दीर्घकाळ मुरलेले होते.

दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. संगीताचे बीज त्यांच्या तरुणपणीच रुजले होते. उशिरा घडले ते पूर्णवेळ समर्पण. ज्यांनी पूर्वी केवळ ऐकले आहे, तानपुरा कधी हाती घेतलेला नाही, त्यांची वाट अधिक लांब आहे. तरीही वर्षानुवर्षे श्रद्धेने केलेले श्रवण ही मोठी पुंजी असते.

वय, कान आणि गळा

वाढत्या वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, श्वासाचा पल्ला घटतो आणि तार सप्तकातील स्वर कष्टाने लागतात. स्त्रियांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर बहुधा काहीसा खाली येतो. मात्र हिंदुस्थानी संगीतात षड्ज कोणत्याही ठराविक पट्टीशी बांधलेला नसतो. गायक आपल्या गळ्याप्रमाणे षड्ज ठरवतो आणि तानपुरा त्याच्याशी जुळवतो. काळी तीनमध्ये गाणाऱ्याने उतारवयात काळी एक धरली तरी राग तोच राहतो. उशिरा शिकणाऱ्याला या शास्त्राने दिलेली ही सोय आहे. तरुण गायकाची पट्टी गाठण्याच्या हट्टाने गळा बिघडतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

कानाच्या बाबतीतही असाच दिलासा आहे. कोणताही आधार न घेता एखाद्या स्वराची पट्टी अचूक ओळखण्याची क्षमता बहुधा बालपणीच येते. रागसंगीताला मात्र तिची गरज नसते. येथे षड्जाच्या तुलनेत इतर स्वरांचे अंतर ओळखायचे असते आणि ही सापेक्ष जाण कोणत्याही वयात सरावाने वाढवता येते.

प्रौढ विद्यार्थ्याचा रियाज लहान मुलाच्या रियाजासारखा असू नये. सलग चार तासांपेक्षा रोज चाळीस मिनिटांच्या दोन बैठका अधिक फलदायी ठरतात. सकाळी मंद्र सप्तकातील खर्जसाधना गळा तापवते आणि श्वास स्थिर करते. द्रुत तानांची घाई करण्याऐवजी आलाप, मींड आणि शब्दांचे उच्चारण यांकडे आधी लक्ष द्यावे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर रियाज थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

नवे काही सुचावे कसे?

रागसंगीतात नवनिर्मितीचे क्षेत्र नेमलेले आहे. बंदिश बहुधा चार ओळींची असते. तिचा विस्तार, स्वरावरचा ठहराव, समेवर येण्याची तऱ्हा यांत गायकाचे वेगळेपण दिसते. म्हणून उशिरा आलेल्याने रागांची संख्या वाढवण्याच्या मोहात पडू नये. वर्षभर भूप किंवा यमन यांपैकी एकच राग धरला आणि त्यात तीन-चार बंदिशी पक्क्या केल्या, तर विचाराला जागा मिळते.

दुसरे साधन म्हणजे पूर्वायुष्य. निवृत्त शिक्षकाला कठीण गोष्ट सोपी करून सांगता येते. त्याच्याकडून मुलांसाठी नव्या चाली घडू शकतात. भाषेचा अभ्यासक बंदिशींच्या शब्दांतील अपभ्रंश शोधू शकतो. अभियंता जुन्या ध्वनिमुद्रणांची निगा राखू शकतो. परिचारिकेला श्वासाचे आणि थकव्याचे जे ज्ञान असते ते नामांकित गायकांनाही नसते. भातखंडे यांनी वकिली सोडली. वकिलीने दिलेली दृष्टी मात्र सोडली नाही, म्हणूनच त्यांच्या हातून ते घडले जे आयुष्यभर केवळ गाणाऱ्याकडून घडले नसते.

तिसरे साधन संगतीचे. लहान वयात गुरू विद्यार्थ्याला दटावून चूक सुधारतो; प्रौढाला त्याच्या वयाचा मान राखून सारे केवळ वाहवा करतात. ती वाहवा सर्जनशीलतेला सर्वाधिक घातक ठरते. आपल्याहून वयाने लहान गुरूसमोर बसून ‘पुन्हा म्हणा’ हे ऐकून घेण्याची तयारी हवी. महिन्यातून एकदा स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करून ते आठवडाभराने ऐकावे. तेव्हा कान परक्यासारखा निवाडा करतो.

उघडी आणि बंद दारे

व्यवसाय म्हणून संगीताकडे पाहणाऱ्याने वयाच्या अटी आधी समजून घ्याव्यात. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीपर्यंतच्या कलावंतांसाठी आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या युवा कलावंत शिष्यवृत्तीची मर्यादा १८ ते २५ वर्षे आहे. मात्र याच मंत्रालयाच्या अधिछात्रवृत्तींमध्ये २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ आणि चाळिशीवरील व्यक्तींसाठी वरिष्ठ असे दोन विभाग आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना प्रौढ विद्यार्थीही मोठ्या संख्येने बसतात. परीक्षेमुळे शिकण्याला क्रम येतो. पण प्रमाणपत्र म्हणजे मैफलीचे निमंत्रण नव्हे.

उत्पन्नाचा हिशेबही स्पष्ट असावा. पहिली काही वर्षे संगीतातून घर चालेल, असे गृहीत धरू नये. निवृत्तिवेतन, भाडे किंवा अर्धवेळ काम यांचा आधार असला तर लोकानुनयासाठी गाण्याची वेळ येत नाही. शिकवणी, हार्मोनियमची साथ, भजन मंडळांचे मार्गदर्शन, बंदिशींचे संकलन आणि लेखन ही कामे व्यासपीठापेक्षा लवकर मिळतात आणि दीर्घकाळ टिकतात.

मोजावी लागणारी किंमत

या वाटेचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिक ठरेल. भातखंडे यांना अनेक उस्तादांचा अविश्वास सोसावा लागला आणि त्यांच्या स्वतःच्या लेखनातील उस्तादांविषयीच्या कठोर सुरावर पुढील अभ्यासकांनी आक्षेप घेतले. दहा थाटांत सारे राग नीट बसत नाहीत. शुद्ध निषाद प्रबळ असूनही पटदीपला काफी थाटात ठेवावे लागते, हे त्याचे परिचित उदाहरण. १९३३ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. हातून घडलेले सारे निर्दोष नव्हते. तरीही पुढे संगीतशिक्षण देणाऱ्या कित्येक संस्थांचा अभ्यासक्रम त्याच मांडणीवर उभा राहिला.

उशिरा सुरुवात करणाऱ्याला चुका दुरुस्त करायला कमी वर्षे मिळतात. ही जाणीव त्याला भयभीत करू शकते किंवा अनावश्यक गोष्टी बाजूला सारायला शिकवू शकते. स्पर्धा कोणाशी आणि आपले काम कोणते, हे ठरवण्याचा विवेक पन्नाशीत विशीपेक्षा अधिक असतो. त्याचा उपयोग करून घेणे, हीच सर्जनशीलतेची खरी जपणूक आहे.

भातखंडे यांनी रागांच्या समयविचारात पहाट आणि सांजेच्या रागांना ‘संधिप्रकाश’ असे नाव दिले. सकाळचा भैरव थाट आणि संध्याकाळचा पूर्वी थाट यांचे सहा स्वर सारखेच असतात. फरक केवळ मध्यमाचा : एकात शुद्ध, दुसऱ्यात तीव्र. सकाळी अहिल्याबाई घाटावर उन्हे येतात आणि सायंकाळी त्याच पायऱ्यांवर शहराची सावली पसरते. दोन्ही वेळी गाता येईल असे काही ना काही या संगीतात आहे.