मर्सिडीज ७२२.६ : तेरा पिनांचा गोल प्लग
मर्सिडीजच्या ७२२.६ या पाच-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बाजूला एक गोल प्लग असतो. पिना १३. सहा सोलेनॉइड आणि दोन स्पीड सेन्सर यांचा सगळा कारभार त्यातूनच. गंमत म्हणजे तेलाच्या तापमानाचा सेन्सर पार्क-न्यूट्रलच्या रीड स्विचशी सिरीजमध्ये जोडलाय, त्यामुळे लिव्हर पी किंवा एनवर असताना तापमानाचं खरं रीडिंग मिळतच नाही. लगेच सेन्सर बदलायला धावू नका!

बिघाडामागचा खरा चोर म्हणजे प्लगच्या ओ-रिंगा. त्या कडक झाल्या की तेल वायरिंगच्या आतून केशाकर्षणाने चढत थेट कंट्रोल मॉड्यूल गाठतं. मग गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे जेमतेम चालण्याच्या अवस्थेत, बहुधा दुसऱ्या गिअरला अडकते. गिअरबॉक्स खोलायला देण्याआधी मॉड्यूलचा कनेक्टर काढून पिना तेलकट झाल्यात का, एवढं नक्की बघा.