विणकामाच्या सुयांकरिता गुंडाळीची पिशवी

कार्यानुभवाच्या तासाला लोकरीचे विणकाम घेणाऱ्या शाळांत अडचण लोकरीइतकीच सुयांची असते. दप्तरात मोकळ्या टाकलेल्या जोडीतील एक सुई हरवली की दुसरी निरुपयोगी होते, आणि पालक नवी जोडी आणून देतीलच असे नाही. मग ते मूल तासभर इतरांचे विणणे पाहत बसते. किंवा हाती लागेल ती भलत्याच क्रमांकाची सुई घेते, आणि एक ओळ घट्ट तर एक सैल उतरते. मुला-मुलींनी स्वतः शिवलेली पिशवी हा यावर स्वस्त उपाय होय.

कापड मांजरपाट, जाड खादी किंवा जुन्या विजारीचे न विरलेले असावे. जुन्या लुगड्याचे असल्यास दुहेरी घ्यावे. ३० सेंटिमीटर लांबीच्या सुयांसाठी ६४ सेंटिमीटर लांब व ३२ सेंटिमीटर रुंद तुकडा कापावा. चारही कडा अर्धा-अर्धा सेंटिमीटर दोनदा मुडपून तुरपाई केली म्हणजे तो ६२ बाय ३० होतो. खालची कड १८ सेंटिमीटर वर दुमडली की खिसा तयार होतो. मात्र दुमडण्यापूर्वी घडीच्या रेषेवर आतून ६ सेंटिमीटर रुंदीची जाड पट्टी शिवावी. हे काम वगळू नये. सुया टोक खाली करून ठेवायच्या असल्याने एकेरी तळ लवकरच फाटतो. टोके वर ठेवल्यास तळ वाचेल, पण मुलांची बोटे वाचणार नाहीत.

३० सेंटिमीटर रुंदीत ३ सेंटिमीटरचे चार, ४ सेंटिमीटरचे तीन व क्रोशाच्या सुईसाठी ६ सेंटिमीटरचा एक, असे आठ कप्पे बसतात. ही विभागणी शिक्षकांनी सांगून टाकू नये. सुया हाताळून मुलांनीच खडूने रेषा आखाव्यात. आठ कप्प्यांना मधल्या शिवणी सातच लागतात, हे त्यांना तेथेच उमगते. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी मांडलेल्या शिक्षणविचारात गणित हस्तोद्योगाच्या ओघात यावे हेच अभिप्रेत होते.

सुयांच्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर जाड, तर १४ क्रमांकाची २ मिलिमीटर. मुलांना याचे नवल वाटते, ते वाटू द्यावे. प्रत्येक कप्प्यावर क्रमांक साखळी टाक्याने काढावा. आकडा खिसा दुमडून पेन्सिलीने लिहावा व घडी उलगडून भरावा. उलगड्या कापडावर सरळ लिहिल्यास तो दुमडल्यावर उलटा दिसतो.

त्यानंतर दोन्ही बाजू व मधल्या रेषा उलट्या टिपेने शिवाव्यात. कप्प्याच्या तोंडाशी ताण अधिक येतो, तेथे टीप दुहेरी घालावी. ६० सेंटिमीटर लांबीची नाडी मधोमध दुमडून रुंद कप्प्याच्या कडेला बाहेरून टाचावी. वरचा मोकळा भाग सुयांवर पालथा घालून अरुंद कप्प्यांकडून गुंडाळी करावी व नाडीने बांधावी. पोलादी सुया पावसाळ्यात कोरड्या पुसूनच आत ठेवाव्यात, नाहीतर गंजाचे डाग लोकरीवर उतरतात.