मालक बदलला, वचनाचे काय?

माध्यमांची मालकी : लेखांक ७

गेल्या लेखांकात एनडीटीव्हीचे हस्तांतर पाहिले. त्याच वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले. त्यावर जगभर जो खल झाला तो बहुतांशी अमेरिकेच्या घरातला होता. मस्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी की लहरी धनिक, ट्रम्प यांचे खाते परत सुरू होणार की नाही, अशी त्याची धाटणी. आज हाच सौदा न्यूझीलंडमधून पाहू. जेमतेम पन्नास लाखांच्या या देशाला ट्विटरच्या हिशेबात फारसे मोल नव्हते. पण या कंपनीकडून त्याने एक वचन घेऊन ठेवले होते.

१५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्च शहरातील दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला. हल्लेखोराने फेसबुकवरून १७ मिनिटे थेट प्रक्षेपण केले. ते थेट पाहणारे दोनशेच्या आतच होते. पहिली तक्रार आली तेव्हा प्रक्षेपण सुरू होऊन २९ मिनिटे लोटली होती. नंतर मात्र त्या चित्रफितीला पाय फुटले. पहिल्या २४ तासांत फेसबुकने तिच्या १५ लाख प्रती हटवल्या. त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या, उरलेल्या वर आल्यानंतर उतरवाव्या लागल्या.

बरोबर दोन महिन्यांनी, १५ मे रोजी, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी पॅरिसमध्ये ‘क्राइस्टचर्च कॉल’ जाहीर केला. दहशतवादी मजकूर आपल्या मंचावर पसरू देणार नाही, असे वचन कंपन्यांनी दिले. त्यांत फेसबुक, गूगल आणि ट्विटर होते. सरकारांच्या यादीत भारतही होता. मात्र हा सगळा राजीखुशीचा मामला. वचन मोडले तर दंड नाही, दाद मागायला न्यायालय नाही.

असे वचन पाळायचे म्हणजे नेमके काय करायचे? प्रत्येक चित्रफितीचा एक डिजिटल ठसा काढता येतो आणि तो जुळला की यंत्र ती आपोआप अडवते. पण कोणी कडा कापतो, कोणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून पुन्हा चित्रण करतो, आणि ठसा बदलतो. क्राइस्टचर्चच्या चित्रफितीची अशी आठशेहून अधिक वेगवेगळी रूपे फेसबुकला सापडली. यंत्राच्या हातून निसटलेले रूप ओळखायला माणूस लागतो. शिवाय एखाद्या सरकारचा निरोप आला तर तो घेणारेही कोणीतरी कंपनीत असावे लागते. कागदावर सही कंपनीची असली तरी वचन पाळतात ते तिथले पगारी कर्मचारी.

आता सौद्याकडे येऊ. एप्रिल २०२२ मध्ये मस्क यांच्याकडे ट्विटरचे नऊ टक्क्यांहून अधिक समभाग असल्याचे उघड झाले. दहा दिवसांनी त्यांनी समभागामागे ५४.२० डॉलर देऊ केले. जुलैत माघार घेण्याचा प्रयत्न केला, कंपनीने डेलावेअरच्या न्यायालयात खेचले, आणि अखेर २७ ऑक्टोबरला ४४ अब्ज डॉलरचा व्यवहार पुरा झाला. त्यातले सुमारे १३ अब्ज कर्जाऊ होते आणि ते कर्ज ट्विटरच्याच डोक्यावर बसले. व्याज भरायचे तर खर्च कापणे आले. आठवडाभरात साडेसात हजारांपैकी जवळपास निम्म्या लोकांना नारळ मिळाला. सप्टेंबरमध्येच क्राइस्टचर्च कॉलखाली शिफारशींच्या अल्गोरिदमचे परिणाम तपासण्याचा उपक्रम जाहीर झाला होता आणि ट्विटर त्यात भागीदार होते. अल्गोरिदमच्या नैतिकतेवर काम करणारा ट्विटरचा स्वतःचा गट नोव्हेंबरच्या कपातीत गेला.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस हल्ल्याच्या चित्रफितीचे तुकडे ट्विटरवर पुन्हा दिसू लागले. यंत्रणेने ते ओळखले नाहीत. न्यूझीलंड सरकारने कळवल्यावर ते हटले. तीन वर्षांपूर्वी याच चित्रफितीसाठी साऱ्या जगाला पॅरिसला बोलावणाऱ्या देशाला आता स्वतः पहारा देऊन कंपनीला हाका माराव्या लागत होत्या.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मूळ प्रक्षेपण झाले ते फेसबुकवर, मस्क यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. जुने ट्विटरही धुतल्या तांदळासारखे नव्हते. सरकारच्या सांगण्यावरून मजकूर काढायची सवय लागली की उद्या नावडती मतेही निघतील, ही भीती न्यूझीलंडमध्येही बोलून दाखवली जाते. ऑनलाइन सेवांसाठी नवी नियमनव्यवस्था आणण्याचा प्रस्ताव तिथल्या गृहव्यवहार खात्याने २०२३ मध्ये मांडला होता. फ्री स्पीच युनियनने त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि सत्तांतरानंतर २०२४ मध्ये सरकारने तो गुंडाळला.

तरीही मालकाला जाब विचारता येतो की नाही, हा एक फरक उरतोच, आणि तो ऑकलंडमध्ये स्पष्ट दिसला. २०२५ च्या मार्चमध्ये मूळचे कॅनडाचे अब्जाधीश जिम ग्रेनन यांनी ‘न्यूझीलंड हेरल्ड’च्या प्रकाशक कंपनीत, एनझेडएमईमध्ये, दहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला आणि संचालक मंडळच बदलण्याची मागणी केली. पत्रकारांच्या ‘ई तू’ या संघटनेने संपादकीय स्वातंत्र्याचा प्रश्न उपस्थित केला, इतर भागधारकही बोलले. शेवटी तडजोड झाली. माजी अर्थमंत्री स्टीव्हन जॉइस अध्यक्ष झाले आणि ग्रेनन यांना संचालकाची एक जागा मिळाली. कोणाला हा निकाल पटेल, कोणाला नाही. पण वाद देशातच झाला, हिशेब शेअर बाजारापुढे मांडला गेला आणि नव्या संचालकांना भागधारकांच्या सभेला सामोरे जावे लागले. ट्विटर मात्र शेअर बाजारातून बाहेर पडले आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याची सोयही संपली.

मग छोट्या देशाच्या हाती राहते काय? न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून आक्षेपार्ह ठरलेला मजकूर हटवण्याची नोटीस बजावता येते. ती न पाळल्यास दंड दोन लाख न्यूझीलंड डॉलरपर्यंत. ४४ अब्ज मोजणाऱ्यासाठी हा चहापाण्याचा खर्च. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात दंड जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथले पत्र कंपनीचे वकील वाचतात.

मस्क चांगले की वाईट, हा वाद म्हणूनच दुय्यम ठरतो. आजचा मालक भला निघाला तरी उद्या तो विकणारच नाही, याची हमी कोण देणार? वचन मालकाच्या मर्जीवर सोडले की ते मालकाबरोबर जाते. ते टिकवायचे असेल तर तीन गोष्टी कायद्यात लिहाव्या लागतात : निरोप कोणी घ्यायचा, किती वेळात उत्तर द्यायचे आणि न दिल्यास किती भरायचे. काय हटवायचे याची व्याख्या मात्र अरुंद ठेवावी आणि तिच्यावर न्यायालयाची नजर असावी, नाहीतर टीकाकारांची भीती खरी ठरायला वेळ लागणार नाही.

भारताला या बाबतीत दात आहेत, किंबहुना ते जरा जास्तच तीक्ष्ण आहेत, असे म्हणणारे बरेच आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा आणि एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांची कर्नाटक उच्च न्यायालयात जी जुंपली, तिच्याकडे पुढील लेखांकात वळू.