खिशातले गाणे, दप्तरातला पत्ता

मुलांच्या हातात काय द्यावे आणि काय देऊ नये, हा प्रश्न प्रत्येक पिढीच्या आईबापांना पडत आला आहे. आमच्या लहानपणी तो भोवरा, पतंगाचा मांजा आणि फार तर सायकल यांच्यापुरता होता. १९७९ साली सोनी कंपनीने वॉकमन आणला आणि पुढे आपल्याकडची तरुण मुले कानांना पट्टा लावून हिंडू लागली, तेव्हा ‘ही पिढी आता कुणाचे ऐकणार नाही’ असे वडीलधाऱ्यांनी जाहीर करून टाकले होते. ती पिढी आज आजी-आजोबांच्या वयाला आली आहे आणि तिच्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. गाणे, पत्ता, टेलिफोन, सिनेमा, बाजार आणि चव्हाटा हे सगळे आता एकाच काचेच्या पाटीत येऊन बसले आहे. मुलाला त्यातले एक द्यायला जावे, तर बाकीचे पाच आपसूक त्याच्या हातात पडतात.

आमच्या घरात हा प्रश्न एका पावसाळ्यात उभा राहिला. नात नऊ वर्षांची. शाळा सुटली की ती पायी गाण्याच्या शिकवणीला जाते. अंतर जेमतेम पाऊण किलोमीटर, पण मध्ये एक मोठा चौक. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीवर. जुलैतल्या एका संध्याकाळी रस्त्यावर पाणी तुंबले आणि तासभर पोरीचा पत्ता लागेना. ती एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर शहाण्यासारखी उभी होती, एवढेच. पण तो तास सूनबाईने कसा काढला, ते मी पाहिले आहे. ‘‘बाबा, उद्याच्या उद्या तिला फोन घेऊन द्यायचा,’’ असे ती रात्री म्हणाली. तिला बोल लावावा असे मला वाटले नाही.

नातीला मात्र फोन नकोच होता. तिला बाईंनी म्हणून दिलेला भूप हवा तेव्हा ऐकायचा होता. म्हणजे गरजा दोन होत्या. गाण्याची गरज तिची, पत्त्याची गरज आमची. कर्जाचा अर्ज समोर आला की रकमेच्या आधी ‘कशासाठी हवे?’ हे विचारायचे, ही माझी बँकेतली जुनी सवय. ती इथे उपयोगी पडली. सूनबाईने खरेदीचे काम माझ्यावर सोपवले आणि मी वही घेऊन बसलो.

गाण्याची डबी

गाण्याचे उत्तर सोपे निघाले. ॲपलने २००१ साली आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद केला, त्यामुळे असली यंत्रे संपलीच असा समज आहे. तसे नाही. बटणांची, छोट्या पडद्याची, मेमरी कार्डावर चालणारी एमपीथ्री यंत्रे अजून मिळतात. नेहमीच्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. चार मिनिटांचे गाणे धरले, तर आठ जीबीच्या कार्डावर सुमारे दोन हजार गाणी बसतात. नऊ वर्षांच्या मुलीला एवढी पुंजी पुष्कळ झाली. सारेगामाने २०१७ साली आणलेला, पाच हजार जुनी गाणी भरलेला कारवां आमच्या घरी आहे, पण तो माझ्या उशाशीच बरा. नातीला स्वतःचे मुद्रण भरता येईल असे काहीतरी हवे होते.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्रात वायफाय नसावे, म्हणजे कुठलीही जाहिरात आणि कुठलाही अनोळखी माणूस आत शिरत नाही. बटणे न बघता बोटांना कळावीत. आणि गाणे शिकणाऱ्या मुलासाठी सर्वांत मोलाची सोय म्हणजे दोन खुणांमधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याची. कित्येक साध्या यंत्रांत ती असते, पण विक्रेता आपण होऊन सांगत नाही. एक हरकत चाळीस वेळा ऐकायची, तर आमच्या काळी कॅसेट मागेपुढे करून तिची फीत गुंतत असे. आता एक बटण पुरते.

चौथी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. तेव्हा आवाजाला वरची मर्यादा घालता येते का, ते दुकानातच पाहून घ्यावे. शिवाय आमच्या घरचा नियम असा, की चालताना इअरफोन दप्तरात. चौकात कान गाड्यांकडेच हवेत.

पत्त्याचे गणित

पत्त्याचे काम एवढे सरळ नाही. पुष्कळांना वाटते, की जीपीएस म्हणजे उपग्रह वरून आपल्या मुलाकडे पाहत असतो. प्रत्यक्षात उपग्रहाला आपला पत्ताही नसतो. आकाशवाणी जशी बातम्यांआधी वेळेचे ठोके देत असे आणि ज्याला हवे त्याने आपले घड्याळ लावून घ्यावे, तसे हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश कानी पडले, की ते किती उशिराने आले यावरून यंत्र आपली जागा स्वतःच काढते. इथपर्यंत इंटरनेट लागत नाही. मात्र ‘मी इथे आहे’ हे घरी कळवायचे, तर सिमकार्ड हवेच. गाणे जाळ्याशिवाय चालते, पत्ता पोचवणे चालत नाही, हा फरक ध्यानात ठेवला तर निम्मी फसवणूक टळते.

सिम कोणते, हेही विचारून घ्यावे. स्वस्तातली बरीच यंत्रे टू-जीवर चालतात आणि जिओकडे टू-जी मुळातच नाही. घरात सगळ्यांचे जिओ असेल तर यंत्र आणून ते मुकेच राहायचे. जाड स्लॅबखाली उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत, त्यामुळे शिकवणीच्या खोलीत बसलेली मुलगी नकाशावर शेजारच्या इमारतीतही दिसू शकते. अशा वेळी घाबरून जाऊ नये.

आमच्या चिरंजीवांनी किल्लीला लावतात तसला टॅग सुचवला. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या एअरटॅगमध्ये ना सिम असते ना जीपीएस. आसपासच्या लोकांच्या फोनमार्फत तो आपली खबर घरी पोचवतो. भर वस्तीत हे जमते, आडगावी जमेलच असे नाही. आणि तो वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नव्हे, असे कंपनीच सांगते.

बोलती घड्याळे मी पहिल्या फेरीतच बाजूला काढली. २०१७ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने मुलांची अशी घड्याळे तपासली, तेव्हा काहींमध्ये परक्या माणसाला शिरकाव करता येतो असे आढळले. त्याच वर्षी जर्मनीने, मुलाच्या नकळत आजूबाजूचे बोलणे ऐकवणाऱ्या घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली. मुलाच्या पत्त्याची चावी कंपनीच्या तिजोरीत राहते, हे विसरू नये. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. पण संमतीचे बटण दाबण्याआधी मजकूर वाचायचा, तो आपणच.

दोन किल्ल्या

शेवटी मायक्रोफोन नसलेले, एकच मदतीचे बटण असलेले छोटे यंत्र आणि एक गाण्याची डबी, अशा दोन वस्तू घेतल्या. दोन्ही मिळून साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त पडल्या. खरा वाद त्यानंतर झाला. पत्त्याचे यंत्र दप्तराच्या अस्तरात शिवून टाकावे आणि पोरीला सांगूच नये, असे चिरंजीवांचे म्हणणे. सांगितले तर ती काढून ठेवेल.

मी नाही म्हटले. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. त्यात कुणावर अविश्वास नसतो. एकट्याने उघडायची नाही, एवढेच. मुलाचा पत्ताही तसाच उघडावा. आम्ही नातीला समोर बसवून सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘आजोबा, मी बोरं घ्यायला थांबले तर तुम्हाला कळेल?’’

‘‘कळेल.’’

‘‘मग मी घरी येऊन काय सांगू?’’

सूनबाई गप्प झाली. मलाही उत्तर सुचले नाही. दिवसभराची हकीकत घरी आणून सांगणे हीच तर मुलांची कमाई. ती आपण आधीच नकाशावर पाहून टाकली तर त्यांच्याकडे उरते काय? मग वहीत एक नियम लिहिला. वेळेवर घरी आली तर नकाशा उघडायचा नाही. पंधरा मिनिटे उशीर झाला तर उघडायचा आणि उघडला हे तिला सांगायचे. पहिले काही दिवस सूनबाईचा हात वारंवार फोनकडे जाई. तो थांबवणे तिला किती जड गेले, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण तिने नियम पाळला.

यंत्राची बॅटरी संपते, पावसात सिग्नल जातो. म्हणून नातीला आईचा आणि माझा नंबर तोंडपाठ करायला लावला, १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आणि ११२ हेही क्रमांक शिकवले. एका संध्याकाळी मी तिच्याबरोबर ती वाट चाललो आणि औषधाचा दुकानदार, चौकातले फुलवाले आणि शिकवणीच्या इमारतीचे रखवालदार यांची तिच्याशी ओळख करून दिली. पालकांनी यंत्राच्या आधी एवढे तरी जरूर करावे. त्याला रिचार्ज लागत नाही आणि त्या तिघांपैकी कुणीतरी पावसात पोरीला आत बोलावून बसवेल. ते काम नकाशावरचा ठिपका करू शकत नाही.