ब्रॉडबँड कंपनी बदलताना : राउटरची जागा आधी, ड्रिल नंतर

घरातील ब्रॉडबँड सेवेची कंपनी बदलण्याचा निर्णय बहुधा दर, वेग आणि तक्रारींचा अनुभव यांवरून घेतला जातो. त्यासाठी घरात आठवडाभर चर्चा होते. नवी जोडणी मात्र अनेकदा तासाभरात उरकली जाते. तंत्रज्ञ मुख्य दाराच्या चौकटीशेजारी भोक पाडतो, जवळचा प्लग पाहतो, तिथेच भिंतीवर यंत्र बसवतो आणि पुढच्या घराकडे निघतो. त्याच संध्याकाळी आतल्या खोलीत बसलेल्या मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळू लागतो आणि नवी कंपनीही जुनीसारखीच निघाली, असा निष्कर्ष घरात काढला जातो. अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींचे मूळ कंपनीच्या तारेत नव्हे, तर यंत्रासाठी निवडलेल्या जागेत असते. ही जागा तंत्रज्ञ येण्यापूर्वीच ठरवता येते.

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून उपलब्ध झाली. घरगुती ब्रॉडबँडला अशी व्यवस्था लागू नाही. येथे कंपनी बदलणे म्हणजे एक जोडणी बंद करून दुसरी सर्वस्वी नवी जोडणी घेणे होय. नवी तार येते, नवे यंत्र येते आणि बहुधा भिंतीला नवे भोकही पडते. जुन्या कंपनीचे यंत्र नव्या तारेला लावून चालत नाही, कारण नव्या कंपनीच्या केंद्रातील यंत्रणा सहसा आपल्याकडे नोंदलेल्या अनुक्रमांकाचेच यंत्र स्वीकारते. ग्राहकाने स्वतः विकत घेतलेला वायफाय राउटर मात्र नव्या यंत्राच्या मागे जोडून वापरता येतो.

तारेतील प्रकाश आणि घरातील लहरी

फायबरच्या तारेत काचेचा अतिशय बारीक तंतू असतो. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा आठवा भाग असते आणि प्रकाश त्याच्या मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून वाहतो. भारतात घरगुती जोडण्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत केंद्राकडून निघालेली एक तार वाटेत प्रकाशविभाजकाच्या साहाय्याने ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा असल्याने एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक चालते. घरात या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या यंत्राला ओएनटी म्हणतात. आजकाल बहुतेक ओएनटीमध्येच वायफाय राउटरही असतो, त्यामुळे ओएनटी जिथे, तिथेच घराचे वायफाय.

जागेचा प्रश्न इथेच उभा राहतो. फायबरमध्ये प्रकाशाची घट एका किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल इतकीच असते. तीन डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे. या हिशेबाने दारापासून घराच्या मध्यापर्यंत २० मीटर अधिक तार टाकल्यास प्रकाशाची घट हजारात दोन भागांहूनही कमी होते. वायफायच्या लहरींचे तसे नाही. विटेची एक जाड भिंत ओलांडताना त्यांची निम्म्याहून अधिक शक्ती खर्च होऊ शकते आणि सळयांच्या काँक्रीटमध्ये ती त्याहून पुष्कळ अधिक जाते. दोन भिंती आल्या की घट दुणावत नाही, तिचा गुणाकार होतो. म्हणूनच २० मीटर तार वाचवून यंत्र दाराशी बसवणे हा घरासाठी तोट्याचा सौदा ठरतो.

घर कोणत्या साहित्याचे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. पुण्या-साताऱ्याकडील जुन्या वाड्यांच्या काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि कोकणातील जांभ्या दगडाची घरे लहरींना कठीण जातात. दुमजली घरात मधला स्लॅब हाच मोठा अडसर असतो. बडोदा, इंदूर वा हैदराबादेतील नव्या सदनिकांमध्ये दोन खोल्यांमध्ये काँक्रीटची भिंत असली, तर तेथेही हाच अनुभव येतो.

तंत्रज्ञ येण्यापूर्वी

आदल्या दिवशी घरातील मंडळींनी अर्धा तास काढून काही गोष्टी ठरवाव्यात. इंटरनेट सर्वाधिक कोठे लागते, ते प्रथम पाहावे. कोणी घरातून कार्यालयाचे काम करतो, कोणाचा वर्ग असतो, आजी-आजोबा परगावच्या नातवंडांशी दूरचित्रसंवाद करतात. या सर्व जागांच्या साधारण मध्यावरील भिंत निवडावी. तेथे स्वतंत्र सॉकेट आहे का, हे तपासावे. एक्स्टेंशन बोर्डावर टीव्ही, इस्त्री आणि ओएनटी एकत्र लावणे टाळावे.

त्यानंतर तार घरात कोठून शिरेल आणि कोणत्या भिंतीच्या कडेने जाईल, याचा मार्ग पाहावा. इमारतीत तारांसाठी डक्ट असल्यास तिचा वापर करण्याविषयी गृहनिर्माण संस्थेला आधीच विचारून ठेवावे. भाड्याच्या घरात नवे भोक पाडण्यापूर्वी घरमालकाची संमती घ्यावी. जुन्या तारेचे भोक रिकामे होणार असेल तर अनेकदा त्याचाच उपयोग करता येतो. तथापि नवी सेवा सुरू होईपर्यंत जुनी तार उपटू नये.

राउटर जमिनीपासून एक ते दोन मीटर उंचीवर आणि मोकळ्या जागी असावा. टीव्हीच्या बंद कपाटात, लोखंडी कपाटाच्या मागे, फ्रिजच्या माथ्यावर, मोठ्या आरशाशेजारी किंवा माशांच्या टाकीजवळ तो ठेवू नये. धातू आणि आरशामागील धातूचा थर लहरी परतवतो, तर पाणी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालत असल्याने तो सुरू असताना त्या पट्ट्यातील वायफाय अडखळू शकते. यंत्र तापत असल्याने त्याच्या झरोक्यांवर कापड किंवा रुमाल टाकू नये.

जोडणीच्या दिवशी

पावसाळी प्रदेशात तार घरात घेण्याच्या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. भिंतीतील भोक बाहेरच्या बाजूस किंचित उतरते असावे. आत शिरण्यापूर्वी तारेला खाली लोंबणारा एक छोटा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते आणि घरात येत नाही. काम संपल्यावर भोक सिलिकॉनने बंद करावे, कारण ओल आणि मुंग्या त्याच वाटेने आत येतात. खांबावरून येणाऱ्या काही तारांना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. काचेचा तंतू वीज वाहत नाही, पण पोलाद वाहते. विजांच्या कडकडाटात ती वाट घरात येऊ नये, म्हणून पोलादी तार बाहेरच वेगळी करण्यास सांगावे.

काचेचा तंतू ताणला तर टिकतो, पण अति वाकवला तर प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो. सर्वसाधारण प्रकारच्या फायबरसाठी वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरहून कमी असू नये, तर घरगुती वापरासाठी बनवलेल्या वाकसहिष्णू फायबरमध्ये ती १० मिलिमीटरपर्यंत चालते. खिडकीच्या सरकत्या झडपेत दाबलेली, दाराच्या बिजागरीत अडकलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली तार आज चालली तरी काही महिन्यांत बंद पडू शकते. उरलेली तार सैल वेटोळे करून भिंतीवरील जोडपेटीत ठेवावी. हीच शिल्लक तार पुढे यंत्र सरकवायचे झाल्यास उपयोगी पडते.

तारेच्या टोकाच्या प्लगचा रंगही पाहण्यासारखा असतो. हिरव्या प्लगचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे नसते. हिरवा प्लग निळ्या खाचेत बसला तरी प्रकाश नीट पोहोचत नाही आणि टोक खराब होण्याचा संभव असतो. तारेच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नये. आतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो. कापलेल्या काचेचे बारीक तुकडे तंत्रज्ञाकडून गोळा करून घ्यावेत. अनवाणी पायात किंवा रांगत्या मुलाच्या हातात ते सहज रुततात.

तंत्रज्ञाजवळ प्रकाशशक्ती मोजण्याचे यंत्र असते. त्यावरील आकडा ग्राहकाने विचारून लिहून ठेवावा. जीपॉनच्या प्रचलित वर्गातील ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान प्रकाश मिळाला पाहिजे. उणे २० हा आकडा समाधानकारक समजावा. उणे २६ असेल तर सेवा चालेल, पण एखादा जोड मळला तरी ती तुटेल. अशा वेळी जोड पुन्हा करण्याची मागणी त्याच दिवशी करणे श्रेयस्कर असते. पुढे कधी सेवा खंडित झाली आणि ओएनटीवर एलओएस हा लाल दिवा लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ असतो. त्या स्थितीत वायफायचा पासवर्ड बदलून काही साधत नाही.

वेगाची तपासणी

तंत्रज्ञ जाण्यापूर्वी वेगाची तपासणी दोनदा करावी. प्रथम संगणक लॅनच्या तारेने थेट ओएनटीला जोडून आणि नंतर वायफायवर, प्रत्येक खोलीत. तारेवर वेग पूर्ण आणि खोलीत अपुरा असेल तर जागेचा दोष आहे. तारेवरच अपुरा असेल तर कंपनीकडे तक्रार करावी. ३०० मेगाबिटची योजना घेऊनही तारेवर वेग ९५ मेगाबिटच्या आसपास अडकत असेल, तर लॅनची तार जुनी किंवा सदोष आहे अथवा यंत्राचे द्वार १०० मेगाबिटचे आहे, असे समजावे.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे अधिक पोहोचते, पण वेग कमी देते आणि शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीशी लवकर थकते. लांबट किंवा दुमजली घरात एकच राउटर पुरणार नसेल, तर दुसरा राउटर लॅनच्या तारेने जोडून दूरच्या भागात बसवावा. नव्या राउटरवर वायफायचे जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवल्यास घरातील फोन, टीव्ही आणि कॅमेरे बहुधा आपोआप जोडले जातात. मात्र जुना पासवर्ड सोपा किंवा अनेकांना ठाऊक असेल, तर या निमित्ताने तो बदलणेच योग्य.

वीज आणि लँडलाइन

जुन्या तांब्याच्या लँडलाइनला टेलिफोन केंद्रातून वीज मिळत असे, त्यामुळे घरातील दिवे गेले तरी फोन चालू राही. फायबरवरील फोन ओएनटीच्या विजेवर चालतो. वीज गेली की इंटरनेटबरोबर तोही बंद पडतो. घरात आजारी किंवा एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असल्यास ओएनटीला इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्यावे किंवा त्यासाठी छोटा यूपीएस लावावा. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालत असले, तरी यूपीएस घेण्यापूर्वी अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे वाचावेत.

जुन्या जोडणीबरोबर लँडलाइनचा क्रमांकही जाऊ शकतो. बँक, गॅस वितरक, विमा आणि रुग्णालय यांपैकी कोठे तो क्रमांक दिलेला आहे, त्याची यादी करून जोडणी बंद होण्यापूर्वी तेथे बदल करून घ्यावा. दूरवरून पाहण्याचे कॅमेरे असल्यास तेही नव्या जोडणीवर चालतात का, हे घराबाहेर जाऊन मोबाइलवर तपासावे.

जुन्या कंपनीचा निरोप

नवी सेवा आठवडाभर, शक्य झाल्यास एखाद्या पावसाच्या दिवशीही, नीट चालल्यावरच जुनी बंद करण्याचा अर्ज द्यावा. अर्जाचा नोंदणी क्रमांक जपावा. परत द्यावयाचे यंत्र आणि अडॅप्टर यांचे छायाचित्र घ्यावे, त्यावरील अनुक्रमांक टिपावा आणि यंत्र नेणाऱ्याकडून पावती घेतल्याशिवाय ते सोपवू नये. बँकेतून आपोआप देयक भरण्याची सूचना रद्द करावी. अनामत रक्कम परत मिळेपर्यंत सर्व कागद सांभाळावेत. तक्रारीची दाद कंपनीच्या तक्रार केंद्राकडे न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची द्विस्तरीय व्यवस्था दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी घालून दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

एकदा बसवलेले यंत्र सहसा वर्षानुवर्षे त्याच खिळ्यावर राहते. तंत्रज्ञाला दिवसभरात अनेक घरे उरकायची असतात, म्हणून तो जवळची भिंत निवडतो आणि त्यात त्याचा दोषही नसतो. घरातील कोणती खोली कधी आणि कशासाठी वापरली जाते, हे केवळ घरच्यांनाच ठाऊक असते. ती भिंत त्यांनीच दाखवावी आणि ड्रिल त्यानंतर चालवू द्यावे.